आमच्या गुडघ्याची साक्ष

कोणास आपल्या घराण्याचा अभिमान असतो, कोणास हस्ताक्षराचा, कोणास हातच्या आमटीचा. आम्हांस सुमारे चोवीस वर्षे आपल्या उजव्या गुडघ्याचा अभिमान होता. अभिमान वाटावा असे त्या अवयवात दर्शनी काही नाही. पाऊणशे वयमान झालेल्या गृहस्थाचा गुडघा जसा असावयाचा तसाच तो आहे. बसताना कुरकुरतो आणि उठताना आमच्या तोंडून देवाचे नाव वदवितो. परंतु वाटीच्या दोन्ही अंगांस मसुराच्या डाळीएवढे दोन पांढुरके वण आहेत, व त्या वणांच्या जोरावर आमच्या परिचितांत आम्ही गुडघेदुखीचे एक जाणकार म्हणून मान्यता पावलो होतो.

हकीगत अशी की, १९९९ च्या पावसाळ्यात आमच्या गुडघ्यात जिना उतरताना कळ येऊ लागली. शेक झाला, लेप झाला, तेल झाले, कोणी सांगितलेला पाला बांधून झाला. चार महिन्यांनी पुण्यातील एका डॉक्टरांनी चित्र काढवून सांगितले की, आतली गादी फाटली आहे. दुर्बीण घालून फाटका भाग कापून काढू. एका दिवसाचे काम. सहा आठवड्यांनी आम्ही पर्वती चढून उतरलो, आणि उतरताना कळ आली नाही. त्या दिवशी वरच्या कठड्याशी उभे राहून आम्हांस जो आनंद झाला, तो आजही आठवतो.

त्या दिवसापासून आम्ही साक्षीदार झालो. सकाळी फिरावयास येणाऱ्या मंडळींत कोणाचा गुडघा दुखू लागला की त्यास आमच्याकडे पाठविण्यात येई. आम्ही बाकावर बसून पायजमा वर सरकवीत असू, वण दाखवीत असू, आणि दोन बैठका मारून दाखवीत असू. लोक म्हणत, "डॉक्टर काय, सांगणारच. तुम्ही भोगलेले सांगता." या वाक्याने अंगावर मूठभर मांस चढत असे, हे कबूल केले पाहिजे. आपल्याकडे आप्तवाक्य हे प्रमाण मानले आहे. शास्त्रातील आप्त म्हणजे विश्वसनीय पुरुष आणि व्यवहारातील आप्त म्हणजे नातलग. आम्ही एकाच वेळी दोन्ही होतो.

त्या आप्तपणाचा अनुभव आमच्या वडील बहिणीस, अक्कास, आला. ती सांगलीस असते. २००४ साली तिचे दोन्ही गुडघे झिजून दुखत होते, डावा विशेष. तेथील डॉक्टरांनी दुर्बिणीने आतून धुऊन व खरवडून पाहण्याचा विचार सांगितला होता, परंतु आग्रह धरला नव्हता. "कित्येकांना बरे वाटते," एवढेच ते म्हणाले. अक्काचे मन होत नव्हते. आम्ही प्रथम चार पानी पत्र लिहिले; त्याने भागेना म्हणून स्वतः सांगलीस गेलो, आणि तिच्या माजघरात तिच्यासमोर दोन बैठका मारून दाखविल्या. ती हसली व तयार झाली.

शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. नवव्या दिवशी तिची पोटरी सुजून लाल झाली. शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. पुन्हा रुग्णालय, पोटात टोचावयाची इंजेक्शने, पुढे सहा महिने रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या, आणि गुठळी छातीकडे सरकेल की काय या धास्तीत घरच्या सर्वांनी काढलेल्या रात्री. गुडघा तीन महिने थोडा हलका वाटला, नंतर पूर्ववत् दुखू लागला. पुढे २०१२ साली तिने दोन्ही गुडघे बदलून घेतले व आज ती काठीवाचून देवळात जाते. पण ती गोष्ट निराळी. त्या वेळी आम्ही काहीच उपदेश केला नव्हता. २००४ च्या प्रकाराविषयी अक्काने आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही. आम्ही मात्र स्वतःशी "प्रकृतिभेद" असा शब्द योजून मोकळे झालो, आणि बागेतील बाकावर आमची साक्ष पूर्ववत् चालू राहिली.

आता २०२३ च्या दिवाळीची गोष्ट. अक्काची नात अस्थिशल्याचे पुढील शिक्षण घेत आहे. ती चार दिवस आमच्याकडे आली होती. पाडव्याच्या दिवशी शेजारचे एक निवृत्त गृहस्थ एमआरआयचा मोठा लिफाफा घेऊन आले. त्यांच्याही गुडघ्यातील गादी फाटली होती. फराळाची ताटली बाजूस सारून आम्ही पायजम्यास हात घातला. वण दाखवून झाले, पर्वतीचे वर्णन झाले. तोपर्यंत ती मुलगी करंजी खात गप्प बसली होती. मग तिने सहज विचारावे तसे विचारले:

"मामाआजोबा, तुम्ही शस्त्रक्रिया केली नसती, तर गुडघ्याचं काय झालं असतं?"

"काय व्हायचं? लंगडत बसलो असतो."

"हे तुम्हांला कसं कळलं?"

वाचकांस सांगावयास संकोच वाटतो की, आम्ही तीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकविले आहे. काकतालीय न्याय आम्ही दरवर्षी जूनमध्ये फळ्यावर लिहीत असू: कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याच्या भाराने फांदी मोडली असे ठरत नाही. अन्वय व व्यतिरेक यांवर तर आमचा विशेष भर असे. कारण असता कार्य घडते, एवढे दाखवून भागत नाही. कारण नसता कार्य घडत नाही, हेही दाखविले पाहिजे. विद्यार्थ्याने पहिले लिहून दुसरे गाळले तर आम्ही निम्मे गुण कापीत असू. आणि येथे आमच्या स्वतःच्या गुडघ्याच्या बाबतीत चोवीस वर्षे आम्ही केवळ अन्वयावर निकाल देत आलो होतो. शस्त्रक्रिया केली व बरे वाटले. न करता काय झाले असते, हा प्रश्न आमच्या मनास शिवलाही नव्हता.

शेजारी गेल्यावर आम्ही थोडे चिडूनच म्हटले, "एका माणसाला दोन जन्म नसतात. केलं तर काय आणि न केलं तर काय, हे एकाच गुडघ्यावर कसं पाहणार?" ती म्हणाली, "एका गुडघ्यावर नाहीच पाहता येत. म्हणून पुष्कळ गुडघे घेऊन चिठ्ठ्या टाकतात." आणि तिने आम्हांस पुढील हकीगत सांगितली. नंतर आम्ही मूळ निबंध वाचून काढला.

अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी, निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयात, ब्रूस मोझ्ली नावाच्या शस्त्रवैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी झिजलेल्या गुडघ्यांचे १८० रोगी घेतले. त्यांचे तीन गट केले, आणि कोणी कोणत्या गटात जावयाचे हे रोग्याच्या किंवा वैद्याच्या इच्छेवर न ठेवता दैवावर सोपविले. एका गटाचा गुडघा दुर्बिणीने धुऊन खरवडला. दुसऱ्याचा नुसता धुतला. तिसऱ्यावर लटकी शस्त्रक्रिया केली. लटकी म्हणजे कशी? रोगी शस्त्रक्रियागृहात गेल्यावर बंद पाकीट उघडावयाचे. लटकीची चिठ्ठी निघाली तर गुंगीचे औषध द्यावयाचे, गुडघ्यावर तीन लहान छेद घ्यावयाचे, आणि दुर्बीण आत न घालता, हत्यारे मागून, पाय वाकवून, पाणी खळखळवून, खरी शस्त्रक्रिया चालल्याचा सर्व देखावा करावयाचा. रोग्यास रात्रभर रुग्णालयात ठेवावयाचे. शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांसही काय झाले हे कळू द्यावयाचे नाही. यात फसवणूक नव्हती, कारण आपल्या वाट्यास नुसता देखावा येण्याचा संभव आहे व त्याने आपल्या सांध्यास गुण येणार नाही, हे प्रत्येक रोग्याने आरंभीच स्वतःच्या हाताने लिहून दिले होते. पुढे दोन वर्षे सर्वांचे दुखणे व चालणे मोजले. त्या दोन वर्षांत एकदाही खऱ्या शस्त्रक्रियेचे गट लटक्या शस्त्रक्रियेच्या गटाहून सरस ठरले नाहीत. हा निबंध न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात २००२ साली प्रसिद्ध झाला.

२००२ हा आकडा वाचून आम्ही पुस्तक मिटावे तसे डोळे मिटले. अक्काची शस्त्रक्रिया २००४ ची.

परंतु मन हे मोठे वकील आहे. ते म्हणाले, अक्काचे गुडघे झिजलेले होते, तुझी तर नुसती गादी फाटली होती. तुझी साक्ष अद्यापि शाबूत आहे. यासही मुलीपाशी उत्तर होते. फिनलंडमधील पाच रुग्णालयांनी मिळून असा प्रयोग केला व तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. ३५ ते ६५ वर्षांचे १४६ रोगी. गादी वयोमानाने फाटलेली, पण सांधा झिजलेला नाही. म्हणजे हुबेहूब आमच्यासारखे. निम्म्यांची गादी खरोखर कापली, निम्म्यांस कापल्याचा देखावा केला. वर्षाअखेर दोन्ही गटांस बरे वाटत होते, आणि सारखेच वाटत होते. पण आमच्या साक्षीचा खरा निकाल पुढील ओळीत होता. पुन्हा असाच प्रसंग आला तर हाच उपचार घ्याल काय, असे विचारता दोन्ही गटांतील शेकडा नव्वदाहून अधिक रोग्यांनी "घेऊ" म्हणून सांगितले. ज्यांच्या गादीस हत्यार लागलेही नव्हते, ते गृहस्थही आपापल्या गावच्या बागेत बाकावर बसून वण दाखविण्यास तयार होते!

मग आम्हांस बरे वाटले ते खोटे का? तसे नाही. पर्वती आम्ही चढलो. कळ गेली होती. खोटे होते ते आम्ही त्यास जोडलेले कारण. गुडघ्याचे असले दुखणे भरती-ओहोटीसारखे असते. चार महिने चढते, चार महिने उतरते. मनुष्य वैद्याकडे जातो तो ते शिगेस पोचले म्हणजे, आणि शिगेवरून वाट बहुधा खालीच जाते. त्यात विश्रांती, पुढील आठवड्यांतील व्यायाम, आणि इतका खर्च व इतका सोहळा झाल्यावर गुण आलाच पाहिजे ही मनाची धारणा, यांचा हातभार लागतो. औषधावाचून खोकला गेला, ही म्हण आपल्याकडे आहेच. पण खोकला जाण्याच्या आदल्या दिवशी औषध घेतले असेल तर ती कोणास सुचत नाही.

राहिले ते चित्र, ज्यात गादी फाटलेली आमच्या डोळ्यांनी आम्ही पाहिली होती. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावी पन्नाशीपुढील ९९१ माणसांच्या गुडघ्यांची एमआरआयने पाहणी केली व तिचा निकाल २००८ साली प्रसिद्ध झाला. या माणसांची निवड करताना कोणाचा गुडघा दुखतो हे पाहिले नव्हते. ज्यांची गादी फाटलेली आढळली त्यांपैकी शेकडा ६१ जणांस मागील महिन्यात गुडघ्यात काहीही दुखत नव्हते. म्हणजे फाटलेली गादी ही पुष्कळ अंशी पिकलेल्या केसांसारखी वस्तू आहे. डोके दुखते आणि केस पिकलेले आहेत, म्हणून केस कापून डोकेदुखी थांबत नाही.

एवढे ऐकल्यावर आम्ही नव्याने बाटलेल्या माणसाच्या उत्साहाने म्हणालो, "म्हणजे या साऱ्या शस्त्रक्रिया थोतांड!" त्यावर ती मुलगी जरा कठोरपणेच म्हणाली, "काल जे सिद्ध म्हणून सांगत होतात तेही पुराव्यावाचून, आणि आज थोतांड म्हणता तेही पुराव्यावाचूनच." मग तिने आम्हांस पुरावा तोलावा कसा हे शिकविले. वार्धक्यात नातीपाशी तर्कशास्त्र शिकण्याचा योग थोड्यांच्याच नशिबी असतो.

हाडे व सांधे यांच्या शस्त्रक्रियेचे अमेरिकेत एक जुने मान्य नियतकालिक आहे. त्याने २००३ सालापासून आपल्या निबंधांवर पुराव्याची पायरी छापण्यास आरंभ केला. अशा पाच पायऱ्या आहेत. सर्वांत खाली जाणत्यांचे नुसते मत. तीवर, कोणा शस्त्रवैद्याने सांगितलेली आपल्याच रोग्यांची हकीगत, जीत तुलनेस दुसरा गट नाही. तीवर, ज्यांचे बिघडले व ज्यांचे बिघडले नाही त्यांची मागे वळून केलेली तुलना. तीवर, निरनिराळे उपचार घेतलेल्या दोन गटांस पुढे काय होते ते पाहत जाणे. आणि सर्वांत वर, चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या गटांची नीट केलेली तुलना. आमच्या बाकावरील साक्षीची पायरी कोणती, असे आम्ही विचारले. "तिच्यासाठी तळघर खणावं लागेल," असे उत्तर आले.

चिठ्ठ्यांचे एवढे माहात्म्य का, हे समजून घेण्यासारखे आहे. वैद्याच्या निवडीने गट पाडले तर तो सहजच धडधाकट, उत्साही रोग्यास शस्त्रक्रियेकडे पाठवितो आणि थकल्याभागल्यास घरी बसवितो. मग शस्त्रक्रियेचा गट सरस ठरला तर ते श्रेय हत्याराचे की मूळच्या प्रकृतीचे, हे उलगडत नाही. चिठ्ठी कोणाचे तोंड पाहत नाही. वय, वजन, धीर, संशय, आपल्यास माहीत असलेले व नसलेले सारे भेद ती दोन्ही पारड्यांत जवळजवळ सारखे टाकते. मग उरलेला फरक उपचाराचा म्हणता येतो.

परंतु वरच्या पायरीचा शिक्का पाहून माल डोळे झाकून घेऊ नये, हेही तिने बजावले. विचारावयाचे ते असे. दुखणे मोजणारास कोणता रोगी कोणत्या गटातील हे ठाऊक होते काय? आरंभी किती होते व अखेरपर्यंत किती टिकले? मोजले काय: चित्रातील हाडाचा कोन, की माणसाचे जिना उतरणे? उपकरण विकणारानेच प्रयोगाचा खर्च केला होता काय? आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्यांच्यावर प्रयोग झाला ती माणसे आपल्यासारखी होती काय? ह्यूस्टनचा प्रयोगही या प्रश्नांतून सुटत नाही. तेथील रोगी बहुतेक पुरुष होते. शस्त्रवैद्य एकच होता. आणि योग्य ठरलेल्या ३२४ जणांपैकी १४४ जणांनी भाग घेण्याचे नाकारले होते. सांगलीच्या गृहिणीस त्याचा निकाल जसाच्या तसा का लावावा, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून एका प्रयोगावर कोणी विसंबले नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात लटकी शस्त्रक्रिया न करता, एका गटास व्यायाम व औषधे आणि दुसऱ्यास त्यांच्या जोडीस दुर्बिणीची शस्त्रक्रिया असा प्रयोग झाला. २००८ साली निकाल आला की, शस्त्रक्रियेने अधिक काही पदरात पडले नाही. मग फिनलंडचा. निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या हातांनी, निरनिराळ्या पद्धतींनी काढलेला माग एकाच दारापाशी गेला, तेव्हा २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये वैद्य व रोगी यांच्या एका मंडळाने स्पष्ट शिफारस केली की, झिजेने दुखणाऱ्या गुडघ्यात बहुतेक कोणाचीही दुर्बिणीची शस्त्रक्रिया करू नये. खेळात झालेली ताजी इजा किंवा गुडघा अडकून सरळच न होणे, ही प्रकरणे निराळी. त्यांस हा निकाल लागू नाही.

याच मापाने तोलले असता दुसऱ्या शस्त्रक्रियांचे पारडे जड ठरते. अक्काने गुडघे बदलले ती शस्त्रक्रिया घ्या. डेन्मार्कमध्ये, गुडघा बदलण्यास योग्य अशा १०० रोग्यांत चिठ्ठ्या टाकून निम्म्यांचा गुडघा बदलला व पुढे व्यायामादी उपचार केले, निम्म्यांस नुसते ते उपचार दिले. २०१५ साली निकाल आला. ज्यांचा गुडघा बदलला त्यांस वर्षाअखेर जवळजवळ दुप्पट आराम होता. त्याबरोबर हेही आढळले की, गंभीर उपद्रव त्यांच्यातच अधिक झाले. आणि नुसत्या उपचारांवर ठेवलेल्या पन्नासांपैकी त्या वर्षात तेरांनीच शस्त्रक्रिया मागून घेतली, बाकीच्यांनी तूर्त थांबणे पसंत केले. हा पुरावा काय करा हे सांगत नाही. काय मिळेल व त्याची किंमत काय पडेल हे सांगतो. निवड माणसाची. मांडीचे हाड मोडले असता ते जोडावे की नाही, यासाठी चिठ्ठ्या टाकण्याची कोणास गरज वाटत नाही. पण खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धावर सहा तासांत शस्त्रक्रिया करावी की चोवीस तासांनी चालेल, हे मात्र १७ देशांतील २,९७० रोग्यांवर, त्यांत आपल्या देशातीलही होते, पडताळावे लागले. २०२० च्या निकालात मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. रोगी लवकर उठून उभे राहिले, हा लाभ मात्र दिसला. केवळ बुद्धीने विचार करता, जितके लवकर तितके मरण टळेल असेच कोणीही म्हटले असते.

या वाचनात आम्हांस एक पुरुष भेटला, त्याची ओळख वाचकांस करून दिल्यावाचून राहवत नाही. अर्नेस्ट कॉडमन हा बॉस्टनचा शस्त्रवैद्य. खांद्याच्या विकारांत त्याचा हातखंडा. त्याचे म्हणणे इतके साधे होते की ते कोणासच आवडले नाही: प्रत्येक रोग्याचे एक टिपण ठेवावे, वर्षानंतर त्यास गाठून खरोखर काय झाले ते पाहावे, गुण आला नसेल तर का आला नाही ते लिहावे, आणि हे सारे लोकांपुढे मांडावे. ज्या मोठ्या रुग्णालयात तो होता तेथे हे चालले नाही. १९१४ साली त्याने ती जागा सोडली. स्वतःच्या लहानशा रुग्णालयात त्याने ते करून दाखविले. १९११ ते १९१६ या काळात तेथून ३३७ रोगी घरी गेले. त्यांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका त्याने छापून प्रसिद्ध केल्या. १९४० साली तो वारला. त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसावयास २०१४ साल उजाडले. आज स्वीडन, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया येथे बदललेल्या सांध्यांच्या राष्ट्रीय नोंदवह्या आहेत व त्यांत सदोष सांधे पकडले जातात. त्यांच्या मुळाशी हाच विचार आहे की, घरी गेलेल्या रोग्याचे पुढे काय झाले ते पाहा.

कॉडमन वाचून झाल्यावर आम्ही एक कागद घेतला. ज्यांना आमच्या साक्षीने शस्त्रक्रियेस पाठविले होते अशांची नावे आठवून लिहिली. सात आठवली. दोघे आता हयात नाहीत. दोघांनी सांगितले, छान गुण आला. दोघांनी सांगितले, काही महिने बरे होते. एका बाईंनी सांगितले की, तुम्हांला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. हे वाक्य आमच्या फार वेळ कानांत राहिले. ज्यांस गुण आला ते आमच्या बाकाकडे परत येत, आभार मानीत, आणि आमची खात्री वाढवीत. ज्यांस आला नाही ते संकोचाने दुसऱ्या रस्त्याने फिरावयास जात. आमच्या अनुभवाच्या वहीत जमेच्या बाजूस नोंदी होत होत्या. खर्चाचे पानच नव्हते. डॉक्टरांच्याही बाबतीत असेच होत असले पाहिजे. त्यांचा आत्मविश्वास दर वेळी लबाडीचा नसतो. कागद नातीस दाखविला तेव्हा ती म्हणाली, "सात जणांवरून काही सिद्ध होत नाही, मामाआजोबा." ते आम्हांस ठाऊक होते. तो कागद सिद्धीसाठी नव्हता.

सातवे नाव अक्काचे होते. जानेवारीत आम्ही सांगलीस गेलो. तीच माजघराची बैठक. आम्ही या वेळी पायजम्यास हात घातला नाही. ह्यूस्टनची हकीगत तिला समजेल अशी सांगितली. लटक्या शस्त्रक्रियेचे ऐकून तिला मौज वाटली. पाणी खळखळविण्याचा भाग तिने पुन्हा सांगावयास लावला. मग म्हणाली, "अरे, त्या वेळी डॉक्टरांनाच ठाऊक नव्हतं, तर तुला कुठून असणार?"

येथे थांबता आले असते. परंतु थांबलो असतो तर ती आणखी एक अर्धी साक्ष झाली असती. आम्ही सांगितले की, तो निबंध तुझ्या शस्त्रक्रियेच्या दोन वर्षे आधी छापून आला होता. शोधला असता तर सापडला असता. आम्ही शोधला नाही, कारण आमच्यापाशी आमचा गुडघा होता.

अक्का बराच वेळ काही बोलली नाही. वाटीतले शेंगदाणे निवडीत राहिली. मग तिने विचारले, "तुझ्या त्या शेजाऱ्यांनी केली का रे शस्त्रक्रिया?"

"नाही अजून. थांबलेत."

"मग इथं कशाला बसलास? त्यांना जाऊन सांग."

पुण्यास परतल्यावर आम्ही त्यांच्याकडे गेलो. आपल्या गुडघ्याची हकीगत सांगितली, अक्काच्याही गुडघ्याची सांगितली, आणि या दोहोंवरून काहीच ठरत नाही असे सांगून मग बाकीचे सांगितले. डॉक्टरांस काय काय विचारावे तेही एका कागदावर लिहून दिले: व्यायामाने पाहिले तर काय होईल, थांबलो तर काय बिघडेल, हे आपणांस कशावरून ठाऊक. गृहस्थ थोडे निराश झालेले दिसले. त्यांना दोन बैठका पाहावयाच्या होत्या.